शेवटची नोंद

तोर्शहाव्न बंदरात, भरती मोजायच्या खोलीत
मार्युन रात्री प्रोग्राम चालू ठेवून गेली.
सकाळी येऊन पाहते तर स्क्रीनभर
एकशे बारा, एकशे बारा, एकशे बारा.

समुद्र काही रात्रभर एका जागी उभा नव्हता.
फाइल संपली होती, इतकंच;
आणि प्रोग्रामला कुणी शिकवलंच नव्हतं
की काही न मिळणं हेही उत्तर असतं.

योग्वान निवृत्त झाला तेव्हा
कंट्रोल-डी दाबलं, टोपी उचलली, गेला.
त्यानं अक्षर उमटत नाही.
वाचणाऱ्याच्या हाती नुसतं शून्य येतं.

ती दोन ओळींची जागा बदलते:
आधी वाच, मिळालं का बघ,
मगच मोज.

एकशे बारा. एकदाच.
मग रिकामा प्रॉम्प्ट.

खाली पाणी ओसरतंय,
पट्टी घेऊन आता तिलाच उतरायचंय.