ड्यूटीची यादी

साथ संपल्याचं जाहीर झालं
बेचाळीस दिवस बोटांवर मोजून.
त्रेचाळिसाव्या दिवशी शाळेच्या वर्गात बैठक भरली.
दवाखान्याला अजून क्लोरिनचा वास,
तिथे बसायला कुणी तयार नव्हतं.

मनरोव्हियाहून आलेल्या साहेबांनी
फळ्यावर कागद चिकटवला.
वर लिहिलं: पुनर्उभारणी. खाली: पाच वर्षं.
मी टिपणं घेत होतो. माझं तेवढंच काम.

फ्लोमो म्हणाला, डिझेल.
मोटरसायकलला, फ्रीजला,
आणि सेंट पॉल नदीवरच्या होडीला वेगळं.
मागच्या वेळी रक्ताचे नमुने
संध्याकाळपर्यंत काठावर बसून होते,
माणसांसारखे, ताटकळत.
हे लिहा.
लिहिलं.

प्रेतं पुरणाऱ्या पोरांचे चार पगार थकलेत,
एकाला तर बापानं अजून घरात घेतलेलं नाही.
हे कुठल्या रकान्यात?
साहेब थांबले. म्हणाले, "इतर."

मग यासा उठली. सुईण.
बायका येत नाहीत, म्हणाली.
ताडपत्रीआड चालत गेलेलं माणूस
पिशवीतून बाहेर आलेलं पाहिलंय त्यांनी.
आता कळा सुरू झाल्या की
दवाखान्याकडे पाठ करून
कसाव्याच्या शेताकडे चालू लागतात.
औषधं मागाहून द्या.
आधी भिंतीला खिडकी पाडा,
बाहेर बाक टाका.
आत लेकीचं काय चाललंय
ते आईला दिसू दे.

केवढ्या उंचीवर? साहेबांनी विचारलं.
यासानं हात गळ्याशी धरला. एवढ्या.
मग जरा खाली आणला:
म्हातारी बसून बघेल.

तहान लागल्यावर विहीर खणायची नाही,
हेच जो तो आपापल्या शब्दांत सांगत होता.
मागची विहीर ज्यांनी नखांनी खणली
ते अकरा जण
ड्यूटीच्या यादीत अजून होते.
यादी मीच टाइप केलेली.
कोर्टो, रात्रपाळी, फोन नंबरासकट.

सगळे जेवायला गेले. भात, पामतेल, सुकी मासळी.
मी कोर्टोचा नंबर लावला.
वाजला.
वाजत राहिला.
म्हणजे कुणीतरी तो अजून
रोज चार्ज करून ठेवतंय.

दुपारी मी खिडकी पहिल्या ओळीत घातली,
डिझेल दुसऱ्या.
यादी मात्र नवी केली नाही.
जुन्या नावांशेजारी
नवी नावं मावतील का, ते पट्टी धरून पाहिलं.
मावत होती.
जेमतेम.