दुसऱ्या मजल्यावर

गिरणी बंद झाली की आमचं सुरू होतं.
रविवार, दुपारी चार. तांबट आळीतून आत वळा,
जिन्याच्या तोंडाशी पत्र्याची पाटी दिसेल:
'कॉम्प्युटरला मदत. फुकट. दुसर्या मजल्यावर.'

होय, चूक आहे. मजकूर आमच्याच मशीनवर जुळवला होता.
विळ्याच्या पात्यासारखा तो अर्धा र
फॉन्टला ठाऊकच नव्हता. त्याने त्याचा रफार केला
आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसवला.
पेंटर म्हणाला, 'फुकटच्या सॉफ्टवेअरचं असंच,'
पाटीचे पैसे मात्र मोजून घेतले.

माझ्याकडे फक्त किल्ली असते.
लोक 'सर' म्हणतात. मी अंबडला स्टोअरकीपर होतो,
नट-बोल्ट मोजायचो. इथे खुर्च्या मोजतो,
वायरी गुंडाळतो, चहा सांगतो,
आणि तोच प्रश्न पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकतो.
एवढं एकच मला खरोखर येतं.

खैरनार येतात, आजारी कोंबडी आणावी तसा
काखेत मुलाचा जुना लॅपटॉप घेऊन. 'जगेल का?'
बहुतेक जगतात.
आमच्या मशिनींचे पंखे उघडले की आत पीठ,
कधी बाजरीचं, कधी नागलीचं,
मुफद्दल बोटावर घेऊन ओळखतो.
कोठावद्यांची हेमलता येते, झेरॉक्सवाली,
तिचा प्रिंटर दर महिन्याला मुका होतो.

तेजस देवरे यायचा.
त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. काळ्या पडद्यावर
तीन ओळी लिहायचा, मेलेलं यंत्र कण्हत उठायचं.
गांगुर्डेबाईंचा पेन्शनचा फॉर्म चौथ्यांदा उघडेना तेव्हा
तो म्हणाला, 'सगळं लिहिलंय आत. वाचता येत नाही का?'

बाईंनी पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला होता.
खोलीभर माणसं, पण आळीतला
एका तांबटाचा हातोडा तेवढा ऐकू आला.
मी म्हणालो, 'तेजस, पुढच्या रविवारपासून येऊ नकोस.'
आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता,
निदान त्याला भांडता आलं असतं.

त्यानंतर सहा मशिनी पडून राहिल्या.
दोन पोरं त्याच्या मागोमाग गेली. मुफद्दल तोंडावर म्हणाला,
'सर, पण फॉर्म आपल्यापैकी कुणालाच उघडता आला नाही ना.'
रात्री मी हिशेब मांडायचो: इकडे सहा मशिनी,
तिकडे एक बाई. असा ताळा
स्टोअरमध्ये साहेबांनी चालवून घेतला नसता.
बाई येत राहिल्या. सातव्या रविवारी
फॉर्म त्यांनीच उघडला, आणि कुणाला सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात नवी आवृत्ती घातली.
मुफद्दल बदलांची यादी वाचत होता, लांबच लांब,
कुठकुठल्या देशांतली नावं, मध्येच थांबला.
'मराठी: अर्धा र आता नीट दिसतो. त. देवरे, नाशिक.'

कुणी काही बोललं नाही. मी 'दुसऱ्या' टाइप केलं.
मग पायऱ्या. कोपऱ्यात. वाऱ्यावर. बऱ्याच दिवसांनी.
प्रत्येक र आपापल्या जागी आडवा,
गिरणीच्या ओट्यावर दुपारी हमाल झोपतो तसा.

नंबर आहे माझ्याकडे. अजून लावलेला नाही.
ये म्हणायचं, तर आधी बाईंना विचारायला हवं.
आणि बाईंना विचारायचं तर
तो दिवस पुन्हा त्यांच्यासमोर काढायला हवा.

पाटीवर चिकटवायला एक कागद काढला,
हेमलताच्या प्रिंटरवर, मोठ्या अक्षरात.
शाई कमी होती, मजल्याचा ला फिका आला.
ती म्हणाली, 'झालं तुमचं?
आता माझी बिलं निघतात का बघा.'