घट

लुगोच्या कत्तलखान्यात एलादिओ एकतीस वर्षं
बैलांची पित्ताशयं कापून वेगळी ठेवायचा.
हिरवट-काळी, गच्च भरलेली.
औषध कंपनीची गाडी गुरुवारी यायची.
घरी येऊन लिंबानं हात चोळायचा,
तरी पावाला बोटांचा कडूपणा लागायचाच.

त्याची सबेला आता विद्यापीठाच्या तळघरात
तेच पित्त तोलते: पांढरी भुकटी,
बरणीवर लांबलचक नाव, सोडियम डीऑक्सिकोलेट.
चव तीच.
(तिनं एकदा जिभेला लावून पाहिलंय. कुठं बोलू नका.)

साबणाच्या रेणूला डोकं असतं, शेपूट असते.
याला नाही. याला पाठ आणि पोट.
पाठीला पाण्याचं वावडं,
पोटाशी दोन-तीन जागा ओल्या हाकेच्या.
म्हणून पाण्यात पडले की हे रेणू
पाठीला पाठ लावून बसतात,
चार, सहा, फार तर दहा,
थंडीत मेंढ्या बसतात तसे.
आणि बाहेरच्या अंगाला पाणी येऊन टेकतं.

माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात.
सबेला पाण्यालाच पित्तात पाहते.

टिकलीएवढी ॲल्युमिनियमची वाटी,
तिच्यात दोन थेंब, वर झाकण दाबलेलं.
यंत्र खाली उतरतं: उणे दहा, उणे वीस,
मग एकदम पडद्यावर टेकाड उठतं,
पाणी गोठलं.
ती टेकाडाखालचं क्षेत्रफळ मोजते.
कमी भरतं.
पुन्हा मोजते. तेवढंच कमी.
उणे साठलाही काही पाणी
गोठायला आलेलंच नाही.
मोकळंही नाही ते, बर्फही नाही,
कडूला बिलगून
जरा सावकाश कूस बदलणारं.
सुटतं, जातं, त्याच जागी दुसरं येतं.

बाहेर मिन्यो नदीवर धुकं. ती वडिलांना फोन लावते.
गेल्या हिवाळ्यात त्यांचंही पित्ताशय काढलं;
खडे काचेच्या बाटलीत, खिडकीत ठेवलेत,
आलेल्या-गेलेल्याला दाखवतात.

"बाबा, पाणी कमी भरतंय."

तिकडे खोकला. भांड्याचा आवाज.
"टांगलेलं जनावर रात्रीत दोन-तीन किलो उतरायचं.
नवा पोरगा काट्याला शिव्या द्यायचा.
वहीत त्याचा वेगळा रकाना असतो गं,
घट.
गेलं म्हणून नाही लिहायचं तिथं.
नुसता आकडा लिही,
आणि जेवलीस का ते सांग."