वरची खोली, सबमीटरसह

निवृत्तीच्या पैशातून वर एक खोली चढवली
देवपुरात, पांझरेपासून चार गल्ल्या आत.
पत्रे नकोत, स्लॅबच घाला, कोकिळा म्हणाली,
म्हणून कर्ज झालं, आणि बाहेरचं प्लास्टर राहिलं ते राहिलंच.

बत्तीस वर्षं खांबावर चढलो.
लोकांच्या घरात उजेड सोडून
भाड्याच्या खोलीत परतलो.
पाच घरमालक पाहिले.
एकाने खिळा ठोकू दिला नाही,
एक रात्री दहाला मेन स्विच ओढायचा.
तेव्हाच ठरवलं होतं, आपण कधी मालक झालो तर...
काय ठरवलं होतं ते आता नीट आठवत नाही.

पाटी लावली त्याच दिवशी दोघं आले,
दित्या पावरा, सायसिंग वळवी,
धडगावच्याही पलीकडचे,
एका सायकलवर, मधे सतरंजीची वळकटी.
वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणाले,
पण भाड्याचे पैसे सरकार खात्यात टाकतं, काका,
फक्त करारनामा लागतो.
आणि तुमची सही.

हिरामणशेठ कुंपणावरून म्हणाले,
"सरकारना पैसा शे भाऊ, बुडनार नही."
मग आवाज उतरवून,
"पन पोरं डोंगरवरना शेतस ना?"
मी उत्तर दिलं नाही.
आपण चांगलं वागलो असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.
गच्चीवरच्या टाकीला कुलूप मात्र
त्याच संध्याकाळी आणलं.

कानबाई बसली, उठली. पोळा गेला.
साहेब म्हणतात, बजेट आलं नाही.
साहेब म्हणतात, हजेरीचा दाखला जोडा.
साहेब बदलले.
सबमीटर मी दर महिन्याला वाचत होतो,
अकरा युनिट, बारा युनिट, नऊ.
एवढ्याशा उजेडात दोघं काय वाचतात,
का एक वाचतो आणि दुसरा ऐकतो?
हे काही सबमीटरवर येत नाही.

दिवाळीनंतर दित्याने ओट्यावर पिशवी ठेवली.
"आमचूर आहे. आईने दिलंय. भाड्यात नका धरू."
कोकिळेने धरलं नाही, वरणात घातलं.
त्या रात्री भाड्याचं बोलायचं ठरलं होतं.
जिभेवर आंबट होतं, राहून गेलं.

जानेवारीत मीच गेलो प्रकल्प कार्यालयात.
बँकेचा हप्ता मलाही होता, खोटं कशाला बोलू.
रांगेत पोरं, पोरांच्या आया, झेरॉक्सची भेंडोळी.
खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं,
"लाभार्थी?"
"नाही. मालक."
तेव्हा त्यांनी पाहिलं. रांगेनेही पाहिलं.
हा शब्द इतक्या मोठ्याने मी आधी कधी उच्चारला नव्हता,
आणि उच्चारला तोही कुठे,
तर कोणाच्या तरी हजेरीच्या दाखल्यावर
आपल्या स्लॅबचा हप्ता टांगलेला असताना.
फ्यूज उडतो एकीकडे, अंधार होतो दुसरीकडे,
हे खांबावर शिकलो होतो.
बाई म्हणाल्या, "मार्चअखेर बघा."

मार्चअखेर आले, सगळे एका दिवसात.
सकाळी सातला दोघं दारात,
मोजलेल्या नोटा, रबरबँड लावलेल्या.
मी पावती फाडली. "मालक"च्या जागी सही केली.
काहीतरी बोलायचं म्हणून बोललो,
"टाकीला कुलूप का, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत."

सायसिंग दित्याकडे बघून हसला.
"आम्हाला वाटलं, शहरात सगळ्यांच्याच टाकीला असतं."

आज सकाळपासून किल्ली शोधतोय.
कोकिळा म्हणते, आमचुराच्या बरणीमागे ठेवली होती.
बरणी निम्मी झालीय.
मागे किल्ली नाही.