नववा

वडाळा नाक्यावरून आत वळलं की तिसरं शटर माझं.
साडेनऊला कोठावदे सर गाडी ढकलत आणतात,
मागून एक रिक्षावाला आणि शेजारचा पोरगा.
किल्ली फिरते, काटे थरथरतात, इंजिन गप्प.
"प्रज्ञा, हिचा मेंदू कुठे असतो गं?"

एकच असता तर काय हवं होतं, सर.
हिच्यात नऊ आहेत,
आणि नऊही जण बोलतात दोनच वायरींवरून,
सुंभासारखा पीळ घातलेल्या.
स्कॅनर लावते. आठ जण हजेरी देतात.
नववा, जो किल्ली ओळखतो,
तोच गैरहजर.

बॅटरीच्या ट्रेमागे इंजिनाचा. तापत बसलेला.
ब्रेकच्या नळ्या गोळा होतात तिथे एबीएसचा.
हँडब्रेकखाली एअरबॅगचा,
बॅटरी सोडल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही:
हे निसारचाचांनी पहिल्या दिवशी सांगितलं,
नाव विचारायच्या आधी.
इंग्रजी त्यांना येत नसे. वहीत चित्रं काढायचे,
काडेपेटी म्हणजे बॅटरी, चप्पल म्हणजे क्लच,
आणि जिथे डबी, तिथे काळा ठिपका
पेन इतकं दाबून की मागच्या पानावर उमटावा.
"कंपनी ही कुठं ठेवते, चाचा?"
"सगळं बसवून झाल्यावर
जिथं जागा उरली, तिथं."

या मॉडेलचं पान वहीत नाही.
ते गेल्यावर आली ही गाडी.

ग्लोव्हबॉक्स उतरवते. नाही.
फ्यूजच्या पाठीमागे आहे एक, पण तो हजर असलेला.
मग डोळे मिटून हात घालते
डाव्या सीटच्या गालिच्याखाली,
आणि बोटं ओली होतात.

सर, इथे काय ठेवलं होतं?
सर चष्मा पुसतात.
"रामकुंडाचं पाणी. पाच लिटरचा कॅन.
सिन्नरला जावयाची वास्तुशांत होती. झाकण जरा..."

डबी उघडते. पिनांवर हिरवट निळा थर,
द्राक्षांवर मोरचूद फवारतात त्या रंगाचा.
टूथब्रश, स्पिरिट, बायकांचा केस वाळवायचा ड्रायर.
दुपार होते. सर स्टुलावर शब्दकोडं सोडवतात,
आडवे सगळे भरलेले, उभे अडलेले.

किल्ली. नऊ.
"पाण्याला बोल लावू नकोस हं," सर म्हणतात.
नाही लावत. झाकणाला लावते.

ते गेल्यावर वही काढते.
चाचांच्या शेवटच्या पानानंतर कोरं पान:
डावी सीट, गालिचा, तीन स्क्रू,
चौथा मागे लपलेला, चाचपूनच सापडेल.
चित्र काही जमत नाही, सीट उशीसारखी दिसते.
ठिपका मात्र देते,
पेन दाबून.