अकरावा महिना

टार्टूत, उर्मासच्या स्वयंपाकघरात,
बाहेर उणे एकोणीस,
आम्ही तिघांनी एक अब्ज नाणी ठरवली
जी अजून कुठेच नव्हती.
अब्जच का? गोल आकडा बरा दिसतो,
काइडो म्हणाला,
आणि राईच्या पावावर लोणी फासत राहिला.

मग आणेवारी.
चाळीस टक्के लोकांना. लोक अजून यायचे होते.
वीस गुंतवणूकदारांना, त्यांचा फोन यायचा होता.
दहा खजिन्यात, तीन किल्ल्यांच्या आत.
बारा नुसती वाटायची, खिरापत.
उरली अठरा: सहा, सहा, सहा.
वाद झाला तो खिरापतीवरून.
फुकटचं लोक दुसऱ्या दिवशी विकतात, उर्मास म्हणाला.
विकू देत की,
कुणी विकल्याशिवाय भाव कुठून येणार?

आपल्यातलाच कुणी घेऊन पळू नये
म्हणून चार वर्षांची गाठ मारली
आणि पहिल्या वर्षाला कडा:
बारा महिने भरायच्या आत जो जाईल
त्याचा वाटा खजिन्यात.
ही ओळ काइडोचीच.
'जाईल' म्हणजे कुठे,
ते लिहिलं नाही.

दर महिन्याच्या पाच तारखेला
तिघांनी एकेक सही करायची. आहे. आहे. आहे.
डिसेंबरात दोनच झाल्या.
काइडो दंतवैद्याच्या जिन्यावर बसला होता,
जबड्यात दुखतंय म्हणून गेलेला,
आणि ते दातांचं नव्हतं.
कराराने वाट पाहिली नाही.
पहाटे तीन वाजून सात मिनिटांनी
सहा टक्के खजिन्यात जमा.

मार्चमध्ये हेल्वे आली. कोट काढला नाही.
त्याचे किती होते?
सहा कोटी, मी म्हणालो.
मग द्या.
खजिन्याला तीन किल्ल्या लागतात, हेल्वे.
तिसरी त्याला पाठ होती. चोवीस शब्द.
कागदावर उतरवणं त्याला भित्रेपणाचं वाटायचं.
मला माहीत आहे, ती म्हणाली,
किराणाही तो पाठ करूनच जायचा
आणि मीठ विसरायचा.

एक गोष्ट आम्ही तिला सांगितली नाही.
बाजाराला कुठून तरी कळलं होतं
की सोळा टक्के नाणी आता कधीच हलणार नाहीत.
पुरवठा घटला. भाव दुप्पट.
उर्मासने चहा ओतला, तिच्याकडे न बघता.

तक्त्यात सगळ्यात वर
एकूण: एक अब्ज.
ते मी बदललेलं नाही.
हिशेबाने ते बरोबरच आहे.