बाकी चाळीस रुपये

तांबट यायचे मंगळवारी, दुपारी अडीचला,
पवननगरची सगळी दुकानं
शटर अर्ध्यावर ओढून आडवी झालेली असताना.
मी एकटा उघडा. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्कॅन.

बगलेत नाडीची फाईल,
हातरुमालात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह,
पडलेला दात डॉक्टरला दाखवायला आणावा तसा.
नमस्कार नाही, पाऊसपाणी नाही.
काच पुसायला मात्र स्वतःचं फडकं.

काचेवर पालथा पडायचा एक पंखवाला अजगर.
उजेडाची पट्टी त्याच्या पोटाखालून सरकायची
आणि मी मनात मांडायचो:
पानाला दहा, मोठं असलं तर वीस.

एकदाच विचारलं, हे छापतात कुठे?
"बाहेर," म्हणाले. "मुलं टेबलाभोवती बसतात,
फासे टाकतात, मग ठरतं दाराआड काय आहे.
दार मी काढतो. आडचं त्यांचं ते बघतात."
सोळा वर्षांत एवढंच.
याहून लांब बोलले ते फक्त वीज गेली तेव्हा,
आणि तेही महावितरणला.

गेल्याचं कळलं पाचव्या दिवशी, इस्त्रीवाल्याकडून.
त्याच्याकडे दोन शर्ट राहिले होते.
माझ्या वहीत, चार पानांचे, चाळीस रुपये.

मग डिसेंबरात एक मुलगा आला, कोथरूडचा,
पाठीवर सॅक, सॅकमध्ये विटेएवढं जाड पुस्तक.
आत चित्रकाराचं नाव नाही,
कोपऱ्यात नुसतं न. तां., मुंगीएवढं.
कुरियरच्या जुन्या पावतीवरून माझ्यापर्यंत पोचलेला.
"तुमची ओळख होती?"
होती की. मंगळवारची.

त्यानं काउंटरवर पुस्तक उघडलं
आणि माझं लक्ष गेलं खवल्यांकडे.
हे मी रोज सकाळी पाहिलेलं होतं, लहानपणी,
न्हाणीघरात, धुरात:
आमचा बंब. भांडीबाजारातून आईनं आणलेला,
तांबटांच्या वडिलांच्या हातचा.
ठोक्याशेजारी ठोका, मठारलेलं तांबं,
आणि प्रत्येक ठोक्यात विस्तवाचा एकेक ठिपका.
अजगराची पाठ तशीच्या तशी.

पुढे पांडवलेण्यांच्या पायऱ्या.
मला जिथे दम लागतो नेमका तिथेच
एक सांगाडा टेकलेला, ढाल मांडीवर.
नदीत एक दगडी राक्षस, दोन तोंडांचा,
पाणी त्याच्या छातीपर्यंत,
म्हणजे सराफ बाजारात शिरलं असणार.

आणि एकशेबाराव्या पानावर, बाजारात, कोपऱ्यात,
चष्मा कपाळावर सरकवून नाणी मोजत बसलेला
एक बुटका, टोकेरी कानांचा.
मागे न वाचता येणाऱ्या लिपीतली पाटी,
माझ्या "उधार बंद"सारखीच डावीकडे कललेली.
मुलगा हसला.
"हा फेमस आहे, काका. याच्याशी घासाघीस चालतच नाही,
फाशावर वीस पडले तरी."

मी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
त्याला चहा पाजला. पैसे घेतले नाहीत,
म्हणजे चहाचे. झेरॉक्सचे घेतले.

जाताना तो एक फासा ठेवून गेला, वीस बाजूंचा.
पावत्या उडू नयेत म्हणून वापरतो.
मंगळवारी अडीचला काच पुसतो.
वहीतले चाळीस तसेच आहेत, खोडले नाहीत,
खोडणारही नाही.
घासाघीस चालत नाही माझ्याकडे.
पुस्तकात छापून आलंय.